पाचही भोकं

वागळे इस्टेट, सोळा नंबर रस्ता.
कारखान्यातला एकमेव धड पंखा टेलेक्सच्या खोलीत,
तोही यंत्रासाठी.

वैतीबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं:
चुकलीस तर पट्टी एक घर मागे घे,
त्याच अक्षरावर पाचही भोकं पाड.
पुसता येत नाही गं इथे,
पुरतं भोसकायचं,
मग पलीकडचं यंत्र मुकाट पुढे सरकतं.

कपातीची यादी आली. अकरावं नाव त्यांच्या घरातलं.
उखाण्याशिवाय जे कधी घेतलं नाही
ते बाईंनी अक्षर अक्षर टाइप केलं,
थांबल्या,
आणि मोजत मागे आल्या.

"गेली?" साहेबांनी दारातूनच विचारलं.
"गेली."

पदराला चिकटलेल्या कागदी टिकल्या
मी झटकून दिल्या.
फोन सोमवारी आला.