मौजे शहाबाज, मिठागराचा अर्ज

मेहेरबान मीठखात्याचे साहेब यांचे हुजुरास—
पुढचं लिहा, भिकाजीपंत,
मी सांगतो तसंच लिहा.

मी धाकल्या जोमा, आगरी, राहणार शहाबाज,
बेलापूरच्या खाडीकाठी.
उधाणाचं पाणी उघाडीतून आत घेतो,
कोंडीत निजवतो, उन्हाच्या हवाली करतो.
खाडी सरकारनं खणली नाही. ऊनही त्यांचं नाही.
(हे खोडू नका, पंत.)

रास मोडली की काटा येतो,
काट्यामागून शिपाई.
मणामागे आम्हाला आणे,
तुम्हाला रुपये.
हे कुठलं गणित, तेवढंच विचारायचंय.

सांजेला नाक्यावर
बायकांना पाय धुवायला लावतात.
टाचेच्या भेगेत राहिलेलं मीठ
सरकारजमा.
माझ्या चांगीचे टोपलीभर बोंबील नासले
मूठभर मिठावाचून,
आणि दारासमोर पांढरा डोंगर.

पंतांनी 'विनंती' लिहिलं.
मी म्हटलं, 'हिशेब' लिहा.
ते म्हणाले, विनंतीला आठ आण्यांचं तिकीट लागतं,
हिशेबाला काय लागेल, सांगता येत नाही.

तिकीट लावलं. दोन दिवसांची मजुरी.

मग अंगठा.
एकदा दाबला, दोनदा, शाई पुसून पुन्हा.
कागदावर नुसता काळा गोल,
रेघ एकही नाही.
बावीस उन्हाळ्यांत
खाऱ्या पाण्यानं आणि फावड्याच्या दांड्यानं
सगळ्या नेल्या.

ठाण्याच्या कचेरीत कारकून म्हणाला,
हा तर कुणाचाही असू शकतो.

होय रावसाहेब, म्हटलं,
तेवढंच लिहायचं राहिलं होतं.