मालकाचे नाव

बेलापूरच्या बुरुजाखाली
वारसा-यादीचा फॉर्म मांडीवर घेऊन बसलो.
कालखंड: कुणी सिद्दीचा म्हणतं, कुणी फिरंग्यांचा.
स्थिती: पिंपळ आत शिरलाय, बाकी ठीक.

"टेप ठेव खिशात," हसुराम मढवी म्हणाले.
चप्पल काढून त्यांनी घेर मोजला.
तेहतीस पावलं.
"बापाची एकतीस भरायची. तो उंच होता."

मग वर चढून शहर वाचून दाखवलं,
सेक्टरचे आकडे गाळून:
तो काचेचा मनोरा, तिथं आमची उघाडी,
भरतीला फळी टाकायची, ओहोटीला काढायची.
शाळेच्या मैदानात खाजण.
पेट्रोलपंपापाशी राता भात,
खारं पाणी पिऊन लाल झालेला.
"आणि पारसिकचा डोंगर?" मी विचारलं.
"अर्धा आहे की.
उरलेला तुझ्या बिल्डिंगीत राहतो."

या कशालाच फॉर्मात रकाना नव्हता.
मालक कोण लिहू, म्हटलं.

ते चुन्याच्या सांध्यावरून बोट फिरवत राहिले.
एका जागी थांबले.
शिंपल्याचा तुकडा, नखाएवढा,
नीट न भाजलेला,
म्हणून अजून चकाकणारा.
"ही खाडीची. भाजणारे आमचे.
भिंत कुणाची ते तूच ठरव."

रकान्यात 'खाडी' लिहिलं.
खोडलं.
परत लिहिलं.

आठ दिवसांनी फॉर्म माघारी आला,
लाल पेनाचा शेरा घेऊन:
मालकाचा पूर्ण पत्ता द्यावा,
पिनकोडसह.