घेणारा

अप्पा आयुष्यभर पाणी गाळून प्याले.
घागरीच्या तोंडावर दुपदरी फडकं,
फडक्यात उरलेले न दिसणारे जीव
परत विहिरीत सोडायचे,
पोहरा अलगद टेकवून,
कुणाची झोपमोड नको म्हणून.

तिथून आठ पावलांवर मोटरखोली.
ते वारल्यावर मी कुलूप काढलं.
फळीवर एकवीस बाटल्या, पत्र्याचे चार डबे.
लाल त्रिकोण, कवटी, पुसलेली तारीख.
दोन औषधांवर बंदी आली तेव्हा
माझी मुलगी पाळण्यात होती. आता स्कूटर चालवते.
एका रिकाम्या कॅनला दोरी बांधलेली.
तिनं कुणी, कधी पाणी शेंदलं
हे विचारायला कोण उरलं नव्हतं.

दुकानदार म्हणाला, "ओढ्यात सोडा की,
पावसात जातंय वाहून."
ओढा पंचगंगेला,
पंचगंगा वाडीला कृष्णेत,
आणि पुढं कुणाच्या तरी फडक्यावर.
दस्तगीर भंगारवाला म्हणाला,
"बाटल्या द्या, औषध तेवढं ओता."
सुकुमारकाका म्हणाले, "पेटव. धूर काय, वर जातोय."
वर, खाली, पुढं.
दिशा सगळ्यांकडं होती. जागा कुणाकडंच नव्हती.

मी शिरोलीला फौंड्रीत स्टोअर बघतो.
तिथं जळक्या ऑइलच्या पिंपाला लेबल असतं,
रंगाच्या गाळाला वजन, तारीख, सही.
बंद गाडी येते, चलन होतं,
आठवड्यानं पोच येते : मिळालं, नष्ट केलं.
एकदा गाडी सकाळी गेली
आणि पोच त्याच दुपारी आली.
मी फाईलला लावली.

त्या रात्री वहीचं पान फाडून
अप्पांच्या नावानं चलन लिहिलं.
पाठवणारा : कलगोंडा भूपाल मगदूम, शिरढोण.
माल : बाटल्या एकवीस, डबे चार.
प्रकार : घातक.
घेणारा :

पेन तिथंच टेकून राहिलं,
शाईचा ठिपका मोठा होत गेला.

रविवारी हातमोजे घालून बसलो.
रिकाम्या बाटल्या तीन तीनदा विसळल्या,
विसळलेलं पंपात, पंप आपल्याच उसावर.
प्रत्येकीच्या बुडाला खिळ्यानं भोक,
परत कुणी त्यात तेल, दूध, पाणी भरायला नको.
दोरीची गाठ सुटेना, ती विळ्यानं कापली.
भरलेल्या अकरा आणि डबे
झाकणाच्या पिंपात, भोवती कोरडी वाळू.
कुलूप नवीन.
दारावर ऑइलपेंटनं लिहिलं : विष.
ष जरा वाकडा आलाय.

कृषी कार्यालयात तिसरा अर्ज दिला.
आवक क्रमांक मिळाला.
साहेब चांगले होते, चहा सांगितला,
म्हणाले, गोळा करायची मोहीम निघाली की कळवू.

सातबाऱ्यावर विहीर आहे, आंब्याची दोन झाडं आहेत.
पिंपाची नोंद नाही.
फडकं अजून खुंटीला आहे, मीही गाळतो,
सवयीनं. काय अडतं त्यात, माहीत नाही.

परवा मुलगी म्हणाली,
"बाबा, ती चावी कुठं असते
एकदा दाखवून ठेवा."