पेटीचा पत्रा

जुनी पेटी तळातून गेली.
कळलं कसं, तर शिये फाट्याच्या गतिरोधकावर
बावीसचा पाना खाली पडला
आणि मागच्या उसाच्या ट्रॅक्टरवरच्या पोरानं
हॉर्न मारमारून तो दाखवला.
त्याआधी काय काय पडलं असेल, हिशेब नाही.
वॉशर तर मी वर्षभर पेरतच आलो असणार,
वडणग्यापासून थेट प्रयाग चिखलीपर्यंत.

म्हणून आज उद्यमनगर.
आप्पालाल शिकलगारचं शेड,
दारात कटरच्या ठिणग्या, आत कोरा चहा.
त्याचा आजा तलवारींना पाणी द्यायचा,
हा पिकअपच्या हौद्यात पेट्या बसवतो.

"कशातली पायजे?"
मी विचार करून आलोच नव्हतो.
पेटी म्हणजे पेटी, असं वाटलं होतं.

आधी प्लॅस्टिक. काळं, हलकं.
त्यानं बोटाच्या पेरानं वाजवलं.
"दोन उन्हाळं. तिसऱ्याला टिचतंय.
आणि ह्याचं कुलूप? मनाच्या समाधानाला."

मग ॲल्युमिनियम, वर उठावाची नक्षी.
एका हातानं उचललं मी अख्खं झाकण
आणि खरं सांगतो, मोह झाला.
गंज नाही. वजन नाही. डिझेल वाचेल.
"पण बोल्ट लोखंडीच मारणार तू," आप्पालाल म्हणाला,
"आणि तुझं काम नदीकाठचं, मोटारी उपसायचं.
ओल्यात ह्या दोघांचं पटत न्हाई मर्दा.
मधी रबर घालावं लागतंय. कोण घालतंय?
मग बुडाला पांढरं पीठ सुटलं
की शिव्या मला."

स्टीलला त्यानं चुंबक लावलं,
फुटक्या स्पीकरमधून काढलेलं, कायम खिशात असणारं.
एका पत्र्याला चिकटलं,
दुसऱ्यावरून घसरून त्याच्या चपलेवर.
"जो धरून ठेवत न्हाई, तो खरा."
मी भाव विचारला.
मग वाकून चुंबक उचललं
आणि त्याच्या हातात परत दिलं.

राहिलं साधं लोखंड.
म्हणजे तेच, जे सडलं होतं.

बाहेर जाऊन जुनी पेटी पुन्हा उघडली.
झाकण शाबूत. बिजागऱ्या शाबूत.
बाजूला माझा जुना फोन नंबर, अजून वाचता येणारा.
गेला होता फक्त तळ,
तळातलाही फक्त पुढचा डावा कोपरा,
जिकडे हौदा थोडा कलतो.
महापुराच्या साली ही चार दिवस बुडाली होती.
नंतर पाणी उतरलं, गल्लीतून उतरलं,
उसातून उतरलं, हौद्यातून उतरलं.
हिच्यातून उतरायला वाट नव्हती.
आणि मी झाकण लावून
दुसऱ्यांच्या मोटारी सुकवत फिरत होतो.

"पत्र्याचा दोष नव्हता म्हणजे," मी आत येऊन म्हणालो.
आप्पालाल टेप पसरून लांबी घेत होता.
"चार फूट दोन इंच," तो म्हणाला.

चौदा गेज ठरला.
खाली रबराचे चार बूट, हौद्यापासून दोन बोटं वर.
वाकवला, टाके मारले, कडा घासल्या.
आणि माझ्या पाच हजारांची घडी
खिशात अजून मोडली नसेल,
तोवर त्यानं ड्रिल घेतलं
आणि कोऱ्या तळाला, पुढच्या डाव्या कोपऱ्यात,
आरपार भोक पाडलं.

"अरे!"
"आजा पाणी द्यायचा," आप्पालाल म्हणाला,
"मी काढून देतो. आठ एमएम."
"वॉशर पडंल की त्यातनं."
"मग डबीत ठेव की वॉशर. सगळं मीच सांगू?"

जुनी पेटी काट्यावर गेली, अठरा किलो.
शिरोलीच्या फौंड्रीत जाणार, असं भंगारवाला म्हणाला.
म्हणजे वितळून एखाद्या पंपाचं अंग होईल,
भोगावतीच्या काठाला बसेल,
ऐन पाणीपाळीत बंद पडेल,
आणि कुणीतरी मला फोन लावेल.

नव्या पेटीवर नंबर घालायचा राहिलाय.
झिंकचा हात अजून ओला आहे.