भोक

समृद्धीनं टाइप केलं,
'खिद्रापूरचं देऊळ, दगडी, खांब भरपूर.'
एआयनं चहा निवायच्या आत फाईल दिली,
तिनं ती गेममध्ये ओढली,
आणि लक्षतीर्थ वसाहतीतल्या आमच्या खोलीत
अठ्ठेचाळीस खांब उभे.

मी सेंट्रिंगवाला.
किती प्लेटा, किती बल्ल्या, किती हजेऱ्या,
तोंडातल्या तोंडात हिशेब सुरू झाला.
इथं पाणी मारणंसुद्धा नाही.
हत्ती तेवढे फसलेत,
सोंडेच्या जागी नळ.

'आत या की पप्पा.'
आत गेलो तर काळोख.
स्वर्गमंडपाचं छत पुरं बंद.
एवढं मोठं भोक म्हणजे
कुणाची तरी चूक, असं वाटलं असेल यंत्राला;
शहाण्या गवंड्यासारखं बुजवून टाकलंय.

शाळेच्या सहलीत ही
त्याच भोकाखाली मान दुखेपर्यंत उभी होती.
बाई हाका मारत होत्या.

'परत सांगू त्याला?'
म्हटलं, थांब. फोडायचं काम आपलं.

एकेक ठोकळा काढला.
गोल काही येईना, पायऱ्या पायऱ्यांचं आलं,
एका बाजूला एक ठोकळा जादाच निघाला.
तो तिनं परत बसवला नाही.

मग गेममध्ये रात्र लावली.
चंद्र सरकत सरकत वर आला,
तोही चौकोनी,
आमच्या वाकड्या भोकात येऊन थांबला.
ती काही बोलली नाही. मीही.

तेवढ्यात मिस्त्रीचा फोन:
उद्या राजारामपुरीचा स्लॅब,
डक्टची जागा सोडायची, विसरू नको.
एरवी 'हो हो' म्हणून ठेवतो.
आज विचारलं,
किती बाय किती?