तिथीची पाऊणपट

लग्नात त्यानं परातीतल्या तांदळात
अंगठीनं माझं नवं नाव कोरलं : रत्नावली.
त्याचं रत्नाकर, म्हणून.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.
कुंदा
त्याच तांदळाच्या भातात शिजून गेली.

गुहागरात विचारा कुणालाही. देवमाणूस.
कुणाच्या मयताला लाकडं, कुणाच्या पोरीची फी,
देवळाच्या फळ्यावर देणगीदारांत पहिला.
घरी दार लावलं की
त्याला ते सगळं पुन्हा ऐकायचं असायचं,
कोण काय म्हणालं, कसं म्हणालं,
आणि मी एखादं वाक्य विसरले
तर अकरा दिवस अबोला.
अकरा. मी मोजलेत.
तो म्हणतो, तीन.

असं मी बोललोच नाही.
तुला भास होतात.
तुझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं ना?
हे तो ओरडून नाही बोलायचा.
कपाळावरून हात फिरवत बोलायचा,
हात गार असायचा, बरं वाटायचं.
सातव्या वर्षी
गॅस बंद केलाय का हे बघायला
मी शेजारच्या पोराला हाक मारत होते.

पळून वगैरे नाही आले.
दाढ काढायला धोपाव्याहून फेरीत बसले,
दाभोळला उतरले,
आणि परतीच्या फेरीत चढले नाही.
एवढंच.

चिपळूणच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
अशा स्वभावाला पुस्तकात नाव आहे,
पण त्यांना मी तपासलेलं नाही,
शिक्का मारणार नाही.
आपण तुमच्याबद्दल बोलू.
मला बोलता येईना.
माझ्याबद्दल मला जे काही ठाऊक होतं
ते सगळं त्याच्या आवाजात.

जेट्टीवर तिकिटं फाडायची नोकरी मिळाली.
अर्जावर नाव लिहिताना पेन अडलं.
मागचा माणूस म्हणाला, बाई, लवकर.
कुंदा लिहिलं.

फेरीचे सारंग ममूद परकार,
डबा खाता खाता सांगायचे,
भरती बघायला पंचांग पुरे.
तिथीची पाऊणपट कर.
चौथ असली तर तीन वाजता पाणी पूर्ण.
मी तिकीटबुकाच्या पाठीवर लिहू लागले,
तिथी, माझा आकडा, पाणी.
जुळलं.
दुसऱ्या दिवशीही जुळलं.
एकदा वीस मिनिटं चुकलं,
आणि माझ्या तोंडून सवयीनं निघालं, सॉरी, सॉरी,
तर म्हणाले, अगो, वाऱ्यामुळं ते.
तुझं गणित बरोबर आहे.

नऊ वर्षांत कुणी म्हणालं नव्हतं.
हातात सुटे पैसे घेऊन रडले,
रांग थांबली होती, थांबू दे म्हटलं.

रत्नाकर म्हणजे समुद्र, शाळेत शिकवलेलं.
पण समुद्र कधी म्हणत नाही
काल मी आलोच नव्हतो.

खोटं कशाला, आठवण येते.
ताप आला की तो गार हात आठवतो.
त्याच्या आईनं एकदा कुळीथ पाखडताना सांगितलेलं,
दुसरा नंबर आला म्हणून बापानं याला
रात्रभर विहिरीपाशी उभं केलं होतं.
मला त्या पोराची दया येते. आजही.
पण त्या पोराला मी नऊ वर्षं वाढलं
आणि त्याचं पोट भरलं नाही,
पातेलं मात्र मीच होते.

परवा आला.
पांढरी गाडी, आत शाली पांघरलेले दोन पाहुणे.
खिडकीत वाकून, सगळ्यांना ऐकू जाईल असं,
काय रत्नावली, हिशेबात अजून कच्चीच का?
हात थरथरले. अजून थरथरतात.
गाडी एक, माणसं तीन.
सुटे मोजून दिले.
त्यानं पाहुण्यांसमोर दोनदा मोजले.
बरोबर होते.

अष्टमी होती.
आठाची पाऊणपट सहा.
भांगाची भरती, पाणी फार चढत नाही,
जेट्टीच्या तिसऱ्या पायरीला येऊन टेकलं,
सहाला पाच कमी होती तेव्हा.

वाऱ्यामुळं असेल.