फिल्टर धुण्याचं वेळापत्रक

कंपनीच्या कागदावर सगळे एसी सारखेच.
तीन महिन्यांतून एकदा फिल्टर धुवावा,
खाली वेळ, सही, टेक्निशियनचं नाव.
मी लिहितो दिलावर मुकादम.
मुक्काम पोस्ट दाभोळ
लिहायला त्या कागदावर जागा नाही.

सजाच्या आमच्या कॅम्पात, एमिरेट्स रोडला खेटून,
आठव्या दिवशी फिल्टर काळा होतो.
वाळू नव्हे. वाळू मला कळते,
झटकली की जाते बिचारी.
हे बोटाला धरून राहतं,
चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखं, पण तेलकट,
तिसऱ्या पाण्यालाही दाद न देणारं.
आधी बादली काळी होते,
मग मोरी,
मग मी.

दोन पूल ओलांडले की भिंत आहे.
भिंतीआड कडुनिंबाच्या तीन रांगा, रांगांआड व्हिला.
भिंत आवाजासाठी, असं साइट इंजिनियर म्हणाला.
आवाज अडवता अडवता ती धूरही परतवते,
आणि परतलेला धूर कुठे जाणार,
त्यालाही रात्री पाठ टेकायला जागा हवीच.

सव्वीस नंबरच्या मॅडमनी फिल्टर पाहून नाक मुरडलं.
इतकी घाण? नवाच बसवा.
मी पाहिलं तर
पीठ चाळल्यावर चाळणीत उरतो तेवढा कोंडा.
यस मॅडम म्हणालो
आणि टाकायचा म्हणून काढलेला तो
पिशवीत घातला.

रात्री खोलीत कात्रीने कापला
आमच्या खिडकीच्या एसीच्या मापाने.
अर्धा इंच कमी पडला, कडेने टेप मारली.
थामन वरच्या बंकवरून बघत होता.
रात्री दोननंतर त्याच्या छातीत कोणीतरी
पत्र्यावरून खुर्ची ओढतं.
त्या रात्री ओढली नाही.
किंवा मला झोप लागली असेल.

दिवसा शहरात ट्रकना बंदी.
म्हणून शहराला मोकळा रस्ता मिळतो
आणि आम्हाला ट्रक,
कुंपणालगत ओळीने, इंजिनं चालू, दहा वाजेपर्यंत.
एकदा तिरमिरीत गेलो, खडीच्या ट्रकचं दार बडवलं.
आत गुलजमान, बन्नूचा, साठीला टेकलेला,
सुजलेले पाय डॅशबोर्डवर.
म्हणाला, बंद करतो ना.
पण बाहेर सत्तेचाळीस आहे, तू जरा इथे बसून बघ.
बसलो. त्याने थर्मासमधला चहा ओतला.
इंजिन चालूच राहिलं.
किती वेळ बसलो, ते मी खोलीत सांगितलेलं नाही.

मार्चमध्ये दोघं आले, हवा मोजायचं यंत्र घेऊन.
तुमच्या गच्चीवर विजेचा भरवसा नाही म्हणाले,
क्लबहाउसवर लावलं, कडुनिंबाच्या वर.
मोबाइलवर आता आमचाही आकडा दिसतो.
हिरवा.

थामनचा व्हिसा या महिन्यात संपतो.
गुरुवारी छातीचा फोटो काढतील.
तो कपड्यांना इस्त्री करत बसलाय,
बनियनलासुद्धा.
मला विचारतो, दिलावरभाई, फोटोत काय काय दिसतं रे?
मी एसीवाला. मी म्हटलं, हाडं.

सव्वीस नंबरचा फिल्टर आमच्याकडे
नऊ दिवस टिकला. आमच्यापेक्षा एक जास्त.
तो काढून मी कॅम्पचा कागद भरायला घेतला.
शेरा, असा एक रकाना असतो शेवटी.
तिथे आजवर मी काही लिहिलं नव्हतं.
मला चार भाषांत सही येते.
तरी त्या चौकोनात, काजळी पुसली नव्हती तोवर,
अंगठा उठवला.

सुपरवायझरने कागद उजेडात धरला.
म्हणाला, डाग पडलाय रे याच्यावर,
दुसरा भरून आण.